तिघांची रॉकबिली, ड्रमशिवाय

५ जुलै १९५४ ला मेंफिसमध्ये सॅम फिलिप्सच्या सन कंपनीच्या स्टुडिओत तिघेच जण रॉकबिली, म्हणजे कंट्री आणि ब्लूज मिसळलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल, वाजवत होते. एल्व्हिस प्रेस्लीकडे साधी गिटार, स्कॉटी मूरकडे इलेक्ट्रिक आणि बिल ब्लॅककडे डबल बास. त्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम नाहीच. एल्व्हिस तेव्हा ट्रक चालवायचा, मूर ड्राय क्लिनिंगच्या दुकानात होता, ब्लॅक टायरच्या कारखान्यात. त्याच स्टुडिओतला गायक जॉनी कॅश, त्याचे सुरुवातीचे दोन साथीदारही मोटार मेकॅनिक होते. ड्रमरची उणीव या मंडळींनी हाताशी असलेल्या वस्तूंनी भरून काढली. गोव्यात तिघांनी मिळून रॉकबिलीची सुरुवात करायची असेल तर तोच रस्ता धरावा. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) घरीच राहू द्या. तो आला की बास वाजवणारा आळशी होतो.

आधी ठेका. भजनात किंवा नाटकाच्या साथीत मुरलेल्या हाताला समेवर वजन टाकायची सवय असते. इथे वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतं. शिवाय प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग मनात धरायचे, पहिले दोन जोडायचे आणि तिसरा सुटा ठेवायचा. यातूनच तो डुलता शफल येतो. दोन-चारवर टाळ्या वाजवत तोंडाने आकडे मोजा. मेट्रोनोम ८० ला लावून सुरुवात करा आणि दहा-दहाने १८० पर्यंत न्या. १४० च्या पुढे टाळी नकळत समेवर सरकते. तसं झालं की वीसने खाली या.

गिटारवाल्याने जाड तारेचा खर्ज पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर घ्यावा आणि दोन-चारवर तळहाताने दाबलेला तुटक फटका मारावा. यात कॅशची युक्ती घाला. तो गिटारच्या तारांत कागद अडकवायचा, म्हणजे स्नेअर ड्रमसारखा खरखराट मिळे. वहीच्या पानाची साधारण तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी दोन पदरी करा आणि एका तारेखालून, पुढच्या तारेवरून अशी विणून घ्या. ब्रिजजवळ (तारा जिथे टेकतात त्या घोडीजवळ) ठेवली तर सूर शाबूत राहतो, पण खरखर कमी येते. साउंडहोलकडे सरकवली की खरखर वाढते आणि सूर मरतो. मधली जागा कानाने शोधा. बसचं तिकीट फार पातळ, दोन गाण्यांत फाटतं. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा तारा पार बसवून टाकतो.

खरी मेहनत बासची. उजव्या हाताच्या बोटांनी तार फिंगरबोर्डपासून (तारांखालच्या लांब पट्टीपासून) बाजूला ओढून सोडली की ती आदळते आणि सुराबरोबर ‘टक्’ येतो. हे पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर. दोन-चारवर उघड्या तळहाताने तारा फिंगरबोर्डवर आपटायच्या. इथे सूर नाही, नुसता ठोका. ताकद खांद्यातून लावली तर ठोका उशिरा पडतो आणि पहिल्याच आठवड्यात बोटांना फोड येतात. मनगट सैल ठेवा, बोटांना कापडी टेप गुंडाळा, सुरुवातीला दहा मिनिटांवर जाऊ नका. डबल बास मिळत नसेल तर इलेक्ट्रिक बासवर सपाट गुंडाळीच्या (फ्लॅटवाउंड) तारा लावा, ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सारा आणि टोनचं बटण अर्ध्याखाली आणा. ‘टक्’ येणार नाही, पण सूर झटपट विझेल. गिटारमधला कागद बाकीचं काम करतो.

डबल बास पीएला (लाउडस्पीकर यंत्रणेला) जोडताना एक पिकअप (कंपन टिपणारा माइक) ब्रिजवर आणि एक फिंगरबोर्डच्या टोकाशी लावून दोन वेगळी चॅनेल घ्या. पहिल्यातून सूर येतो, दुसऱ्यातून टकटक. एकाच पिकअपवर दोन्ही मिळवायला गेलात की स्पीकर घुमायला लागतो. तरीही घुमला तर बासच्या दोन्ही भोकांत स्पंज कोंबा.

आता एको. सनचा स्लॅपबॅक, म्हणजे एकदाच झटकन परत येणारा एको, टेप मशीनमधून यायचा. टेप रेकॉर्डच्या हेडवरून प्लेबॅकच्या हेडपर्यंत जायला वेळ घेते, तेवढ्या उशिराने आवाज परत ऐकू येतो. सेकंदाला साडेसात इंच वेगाने चालणाऱ्या टेपला एक इंच अंतर कापायला १३३ मिलिसेकंद लागतात. म्हणून एकोच्या पेडलवर १२० ते १४० मिलिसेकंद ठेवा, आवृत्ती एकच आणि मिक्स (मूळ आवाजात एकोचं प्रमाण) २५ ते ३० टक्के. ८० च्या खाली गेलात तर बादलीत तोंड घालून गायल्यासारखं वाटतं. २०० च्या वर गेलात की दुसरा आवाज पुढच्या शब्दावर चढतो. एको गिटारला आणि गाण्याला द्या, बासला अजिबात नको.

आणि हे आकडे जागा पाहून बदला. मागची भिंत वीस मीटरवर असेल तर आवाज तिथे जाऊन परत यायला सुमारे ११७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे फरशी घातलेला पंचायतीचा हॉल स्वतःच स्लॅपबॅक देतो. तिथे पेडल १५ टक्क्यांवर आणा, नाहीतर शब्द चिवडले जातात. उघड्या शॅकमध्ये मागे भिंत नसते, तिथे ३५ टक्केही चालतात.

त्या काळच्या रेकॉर्ड दोन-अडीच मिनिटांच्या असत, तेव्हा पाऊण तासाला पंधरा गाणी धरा. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणून पावणेदहाला शेवटचं गाणं संपवा. दुसऱ्यांची गाणी वाजवायचा परवाना जागेच्या मालकाने घेतलाय का, ते आधीच विचारा.

वाद्य एसी गाडीतून काढून थेट किनाऱ्यावर सुरात लावू नका. वीस मिनिटं तसंच ठेवा, मग लावा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या बासचा सरस (जोडकामाचा गोंद) मऊ पडून सांधे सुटतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि तारा फिंगरबोर्डपासून उंच होतात. जूनमध्ये बोटं अचानक दुखायला लागली तर आधी ही उंची मोजा आणि ब्रिज खाली आणा.