इंदुरात वादळाचा माग कसा काढावा

वैशाखात दुपारी पश्चिमेकडे आभाळ काळवंडू लागले, की भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर भोपाळच्या डॉप्लर रडारची (पावसाचे ढग आणि त्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्राची) चित्रे उघडावीत; एकाच चित्रावर विसंबू नये, तर अर्ध्या तासाच्या अंतराने टिपलेली दोन चित्रे ताडून लाल ठिपका, म्हणजे जोरदार पावसाचा ढग, किती सरकला ते मोजावे. तो तेवढ्या वेळात २० किलोमीटर पूर्वेला सरकून इंदूरच्या पश्चिमेच्या धार शहरावर पोचला असेल, तर उरलेले सुमारे ६० किलोमीटर दीड तासात कापून इंदूरच्या मध्यावरल्या राजवाड्यावर येईल, अर्थात वाटेत विरला नाही तर. आणि तसे पुष्कळदा होते. गच्चीवरचे पापड मात्र आधीच उचलावेत. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून ३ ने भागले, की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उत्तर १० च्या आत आले, तर घराबाहेर पडू नये.