जर्मनीत नर्सची पहिली नोकरी : सही करायच्या आधी एवढं विचारून घ्या

बीएस्सी नर्सिंग किंवा जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आत्ताच झालंय, जर्मनीला यायचंय, काय करू, असं विचारणारे मेसेज हल्ली फार येतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार झाला त्यानंतर तर जास्तच. मी इथे स्टुटगार्टच्या बाजूला बरीच वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी चांगली बातमी, आखातातल्या बऱ्याच जागांना अनुभव लागतो तसं इथे नाही, फ्रेशरलाही घेतात. नर्सेस कमीच आहेत, त्यामुळे जर्मन नीट येत असेल तर इंटरव्ह्यू मिळायला त्रास होत नाही. खरी परीक्षा पुढेच आहे, कारण इथे उतरलात की लगेच तुम्ही नर्स होत नाही. तुमचा सिलॅबस, थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास, सगळं त्या-त्या राज्याचं ऑफिस इथल्या नर्सिंगच्या शिक्षणाशी लावून बघतं आणि काय कमी पडतंय त्याचं पत्र देतं, त्याला म्हणतात डेफिझिटबेशाइड. ते भरून काढायला दोन रस्ते, एक तर ट्रेनिंगचा कोर्स नाहीतर परीक्षा, म्हणजे केंटनिसप्रुफुंग, त्यात तोंडी असते आणि खऱ्या पेशंटवर प्रॅक्टिकल असतं. ते होऊन अनेरकेनुंग, म्हणजे मान्यता, हातात येईपर्यंत तुम्ही कागदोपत्री हेल्पर आणि पगारही हेल्परचाच. हा काळ कुठे आणि कोणाच्या हाताखाली जातो यावर सगळं ठरतं, शहर कुठलंय, आजूबाजूला आपली माणसं आहेत का, ते नंतर बघा.

म्हणून सही करायच्या आधी कॉन्ट्रॅक्ट वाचा, म्हणजे खरंच वाचा. एजंट तोंडाने हॉस्पिटल हॉस्पिटल करतो आणि कागदावर लिहिलेलं असतं फ्लेगेहाइम किंवा सेनिओरेनत्सेंट्रुम, म्हणजे वृद्धाश्रम. ते काम वाईट नाही, पण हॉस्पिटल पाहिजे असेल तर कागदावर क्लिनिकुम किंवा क्रांकेनहाउस दिसलं पाहिजे. मग विचारायचं, परीक्षेची तयारी कोण करून घेणार, ड्युटीच्या वेळात की सुट्टीच्या दिवशी? वॉर्डात प्राक्सिसअनलायटर, म्हणजे शिकवायचं ट्रेनिंग घेतलेली नर्स, आहे का? आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत द्यायचे? ही परतफेडीची अट बऱ्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये असते आणि नेमकी शेवटच्या पानावर असते. लाखांत फी मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा. इथे फेअरे अनवेरबुंग फ्लेगे डॉइचलांड नावाचा सरकारी शिक्का आहे, तो ज्यांच्याकडे आहे त्यांच्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, नर्सने नाही. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कोणाच्याही हातात ठेवायची नाहीत, मग तो कितीही गावचा असो.

कागदांमध्ये आपल्या लोकांचा एक खास घोळ असतो, नावाचा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळा क्रम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर कधी तिसराच, आणि मधे लग्न झालं असेल तर बघायलाच नको. इथल्या ऑफिसातल्या बाईला ही तीन वेगळी माणसं वाटतात. ट्रान्सलेशन करायला टाकण्याआधीच हे निस्तरून घ्या, तिकडे तहसील जवळ असतं.

भाषेचं म्हणाल तर काही जण बी१ वर, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीवर, येतात आणि बी२, म्हणजे त्याच्या वरची पातळी, इथे करतात, चालतं तसं. पण माझं मत विचाराल तर बी२ घरूनच करून या, सकाळची शिफ्ट सहाच्या आसपास सुरू होते, दुपारी घरी आल्यावर पुस्तक उघडायची ताकद कोणात असते? आणि बी२ झालं तरी श्वेबिश, म्हणजे इथली बोली, बोलणारी आजी काय म्हणतेय ते पहिले काही महिने कळणार नाही, घाबरू नका, इतर राज्यांतून आलेल्या जर्मनांनाही कळत नाही.

आता वॉर्डातलं. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन हे मावशी करतात नाहीतर नातेवाईक, आणि नर्स इंजेक्शन, आयव्ही (शिरेतली सुई, सलाइन), औषधं बघते. इथे नातेवाईक भेटून जातात आणि हे सगळं नर्सचंच काम, ग्रुंडफ्लेगे म्हणतात त्याला, आणि उलट आयव्ही लावायला बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टर येतो. कॉलेजात सेकंड इयरला इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, लावलेल्या पोरींना इथे कवळी धुवायला लागते तेव्हा फार लागतं मनाला, फोनवर रडतात. पण नीट बघा सिनियर नर्स काय करते ते. आजोबांना कुशीवर वळवून पाठ पुसताना ती कमरेच्या हाडावरचा लाल डाग बोटाने दाबते, दाब काढल्यावर तो पांढरा होतो का तसाच लाल राहतो ते बघते, तसाच राहिला तर तो बेडसोरची सुरुवात, मग टाच बघते, गिळताना ठसका लागतो का ते बघते आणि सगळं लिहून ठेवते. प्रॅक्टिकल परीक्षेत नेमकं हेच विचारतात, बहुतेक जण इंजेक्शनची तयारी करून जातात आणि इथे अडकतात. युबरगाबे, म्हणजे हँडओव्हर, त्याची प्रॅक्टिस घरी मोठ्याने करा, आणि समजलं नाही तर तिथल्या तिथे विचारा, आपली मान हलवायची सवय इथे महागात पडते कारण त्यांना ते हो वाटतं.

प्रोबेत्साइट, म्हणजे प्रोबेशन, सहसा सहा महिने असतो. बाकी रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी भाजी आणून ठेवा. आणि पोस्टाच्या पेटीत आलेलं एकही पत्र जाहिरात समजून फेकू नका, त्यात टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र असू शकतं. ही वर्गणी घरटी महिना १८.३६ युरो असते, टीव्ही नसला तरी भरावीच लागते, नाही भरली तर वरून दंड लावतात.