झिंक ऑक्साइडच्या नॅनोदंडांवर अतिनील प्रकाशाचे लॉजिक गेट

दोन अतिनील एलईडी, काचेवर वाढवलेला झिंक ऑक्साइडच्या नॅनोदंडांचा थर आणि एक कंपॅरेटर (विद्युतदाब ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर आहे की खाली ते सांगणारा परिपथ) एवढ्या सामग्रीवर ‘अँड’ (दोन्ही इनपुट असतील तरच ‘हो’) आणि ‘ऑर’ (एक जरी असले तरी ‘हो’) ही लॉजिक गेट महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करून पाहता येतात. इनपुट प्रकाशाचे असले तरी उत्तर विद्युतदाबाच्या रूपात मिळते, म्हणून याला संपूर्ण प्रकाशीय संगणन म्हणता येणार नाही.

झिंक ऑक्साइडची ऊर्जाफट (इलेक्ट्रॉन मोकळा करून थर वाहक व्हायला प्रकाशकणाकडे लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.३७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३६८ नॅनोमीटर तरंगलांबीशी जुळणारी आहे; त्यामुळे ३६५ नॅनोमीटरचाच एलईडी घ्यावा. ‘यूव्ही’ म्हणून स्वस्तात मिळणारे एलईडी पुष्कळदा ३९५ नॅनोमीटरचे असतात. ते लावून, दोष थराचाच आहे असे समजून, मी एक अख्खी दुपार घालवली आहे. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, म्हणून अतिनील किरण अडवणारा चष्मा लावल्याशिवाय एलईडी सुरू करू नये.

आयटीओ काचेवर (इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर असलेल्या काचेवर) हिरकणीने रेघ ओढून वाहक थराचे दोन भाग करावेत आणि ते खरोखर वेगळे झाल्याचे मल्टिमीटरने तपासावे. रेघेवर झिंक ॲसिटेटचे इथेनॉलमधील १० मिलिमोलर द्रावण थेंबाथेंबाने सुकवून काच ३५० अंश सेल्सियसवर वीस मिनिटे तापवावी आणि सावकाश थंड होऊ द्यावी. नंतर १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात ०.७४ ग्रॅम झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट व ०.३५ ग्रॅम हेक्सामिन विरघळवून त्यात काच पालथी ठेवावी, म्हणजे तळाशी बसणारा साका थरावर साचत नाही. झाकलेल्या बाटलीत ९० अंशांवर तीन तासांत दंड वाढतात.

थराशी एकसरीत रोधक जोडून ५ व्होल्ट द्यावेत आणि रोधकावरचा दाब कंपॅरेटरला जोडावा. रोधकाचे मूल्य थराच्या उजेडातील रोधापेक्षा बरेच कमी असावे, नाहीतर एकाच एलईडीने दाब कमाल पातळीला पोहोचतो आणि ‘अँड’ जमत नाही. दोन्ही एलईडींचा परिणाम सारखा करून घ्यावा. उंबरठा एका एलईडीच्या दाबाखाली ठेवल्यास ‘ऑर’, एक आणि दोन यांच्यामध्ये ठेवल्यास ‘अँड’ मिळते.

खरी गंमत प्रकाश विझवल्यावर आहे. दंडांच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन अंधारात इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, अतिनील प्रकाशात तो सुटतो आणि पुन्हा चिकटायला वेळ घेतो, म्हणून प्रवाह लगेच उतरत नाही. गेटसाठी प्रत्येक चाचणीपूर्वी दाब मूळ पातळीजवळ येईपर्यंत थांबावे. पण हीच मंदगती स्मृती म्हणून वापरता येते: एकाच एलईडीचे एक सेकंदाचे दहा स्पंद लागोपाठ देऊन प्रत्येकानंतरचा दाब नोंदवावा, मग स्पंदांमधले अंतर दुप्पट करून तीच नोंद पुन्हा घ्यावी.