या चुका टाळा : ग्वाल्हेरचा हिवाळा, हवा आणि आपली छाती

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत ग्वाल्हेर जगातल्या सर्वांत प्रदूषित शहरांत दुसरं ठरलं, इराणमधल्या झाबोलच्या खालोखाल. ‘आपल्याकडे एवढे कारखाने आहेतच कुठे?’ हे शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत अजूनही ऐकू येतं. कारखान्यांवर बोट ठेवलं की रस्त्यावरची धूळ, डिझेलचा धूर, पेटवलेला कचरा आणि आपल्याच घरातली सिगडी यांच्याकडे बघावं लागत नाही. नाकात शिरणाऱ्या हवेपैकी बरीचशी आपल्या सवयींवर अवलंबून असते, म्हणून आधी सवयी तपासू.

पहाटेचं फिरणं

डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आत कटोरा ताल या तलावाला चकरा मारणारी मंडळी कमी नाहीत. ‘सकाळची हवा ताजी असते’ हे पावसाळ्यानंतर काही दिवस खरं. कडाक्याच्या थंडीत मात्र जमिनीलगत गार हवा साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि रात्रभराचा धूर खालीच कोंडतो. त्यात भरभर चाललं की श्वास खोल जातो, म्हणजे कणही जास्त आत जातात. फिरणं सोडू नका, वेळ बदला. ऊन तापून हवा हलू लागली की, अकरानंतर निघा. एप्रिल-मेमध्ये हिशेब उलटा होतो. कडक उन्हात ओझोन वायू वाढतो, तेव्हा सकाळच बरी.

मोबाइलवरचा आकडा

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक एकाच्या फोनवर १००, दुसऱ्याच्या फोनवर १५४, आणि दोघंही बरोबर! पीएम २.५ हे सूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो, अमेरिकी पद्धत दीडशेच्या वर. आधी माप कोणतं ते बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप भारतीय माप देतं, पण तो आकडा कणांच्या २४ तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. कोपऱ्यावर टायर जळत असेल तर त्या घटकेला ॲपपेक्षा नाकाचं ऐका. वास नाही म्हणून हवा स्वच्छ, असं मात्र धरू नका. पीएम २.५ ला वास नसतो.

खोलीतली सिगडी

ही चूक जिवावर बेतते. थंडीच्या कडाक्यात आजींच्या पलंगाशी कोळशाची सिगडी आणि दाराच्या फटीत गोधडी, हे दृश्य जुन्या वाड्यांत अजून दिसतं. धूर दिसत नाही म्हणून सगळे निर्धास्त. पण निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस त्या झोपेतून उठतच नाही. डोकं दुखायला लागलं तर बाम शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखाना गाठा. झोपायच्या खोलीत सिगडी नकोच. रजई, गरम पाण्याची पिशवी काय कमी आहे?

डासांची कॉइलही याच रांगेतली. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. खिडकीला जाळी लावा, मच्छरदाणी वापरा. आणि कोरड्या झाडूनं धूळ उडवण्यापेक्षा फरशी ओल्या फडक्यानं पुसा.

मास्क आणि यंत्र

रुमाल धुळीचे मोठे कण अडवतो, बारीक नाही. त्यासाठी एन-९५ हवा, आणि तोही चेहऱ्याला चिकटलेला. चष्म्यावर वाफ धरते आहे? मग हवा वरच्या फटीतून निसटते आहे, नाकावरची पट्टी दाबा. दाट दाढीवर मास्क बसत नाही. आणि कृपा करून तो धुऊ नका. बारीक कण धरणारा त्यातला विद्युतभार पाण्यानं जातो.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेताना सीएडीआरचा, म्हणजे ते तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं त्याचा, आकडा विचारा. १२ बाय १० ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर हा आकडा किमान १७० असावा. वाड्यातलं छत १४ फुटी असेल तर २४०. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणं म्हणजे विजेचं बिल भरणं.

गूळ, खोकला आणि पंप

‘गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघते’ असं म्हणतात. गूळ खा, पण आवडतो म्हणून खा. तो जातो पोटात; सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी असतात, त्यातले अतिबारीक रक्तातही उतरतात. म्हणूनच प्रदूषणाचा मार फक्त छातीवर नसतो. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं गेलं तेही २०१३ मध्ये.

‘पंपाची सवय लागते’ म्हणून दम्याचा रोजचा पंप दिवाळीनंतर बंद करणारे आहेत. नेमक्या त्याच महिन्यांत तो सर्वांत जास्त लागतो. सवय लागत नाही; दमा डोकं वर काढतो. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर ‘धुळीचा आहे’ म्हणून सोडू नका, क्षयाची तपासणी करून घ्या. आणि छातीत दाब, वाक्य पुरं करताना धाप किंवा ओठ निळसर दिसले, तर काढा उकळत ठेवू नका, १०८ ला फोन लावा.