पैसे देण्याआधी तारेमागे एक चक्कर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, ई-केवायसी. समोर दहा बायामाणसं बसलेली असताना नेट गेलं की बोलणी खायची ती मी. मोठ्या कंपन्यांना फोन लावला की पिनकोड विचारतात आणि “लवकरच” म्हणतात. म्हणून पाच वर्षांत तीन गावठी लायनी, म्हणजे इथल्याच केबलवाल्यांचं नेट, करून पाहिल्या. त्यातली पहिली अशी गेली की वर्षाचे पैसे भरले, चौथ्या महिन्यात लाइन बंद आणि त्या लाइनवाल्या भाऊचा फोनही बंद.

तेव्हापासून मी दर विचारायच्या आधी स्कूटी काढते. तार जिथून येते तिथपर्यंत जाते. भाच्याला मागे बसवलं, त्याने मोजलं: किती ठिकाणी तार खांबावरून सुटून लोंबकळते, कुठे बाभळीच्या फांदीला नुसती सुतळीने बांधली आहे, कुठे रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला आहे. कापसाच्या गाड्या वरपर्यंत भरून निघाल्या की खाली लोंबणारी तार एका झटक्यात जाते. वानरं आहेतच. तिसऱ्या लाइनवाल्याची तार कामचलाऊच होती, पण त्याने रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना उंच खांब रोवले होते आणि त्याचा पोरगा आमच्यापासून सहा किलोमीटरवर राहतो. मी तिथेच हो म्हटलं.

तार घरापर्यंत येते कशाची, हेही पाहावं. काही जण टॉवरवर छत्री लावून हवेतून नेट देतात. मधे झाड आलं की पावसाळ्यात पानं दाट झाल्यावर लाइन मरते; उन्हाळ्यात घेतली असेल तर ते आधी कळतच नाही. छत्रीपासून घरात उतरणारी वायर तांब्याची असते, वीज कडाडली की पोर्ट जळतात. फायबर काचेचं, त्यातून वीज वाहत नाही. तरी ढग गरजले की अडॅप्टर काढते मी, कारण महावितरणच्या वायरीतून धक्का येतोच.

फायबर जोडायला माणूस आला की त्याच्याकडचं मीटर बघा, तारेतून सिग्नल किती जोराचा येतो ते त्यावर दिसतं. आकडा उणे असतो. उणे 15 ते उणे 25 असेल तर ठीक. उणे 27च्या पलीकडे गेला की बहुतेक डबे, म्हणजे घरातले मोडेम, दम सोडतात. माझ्याकडे पहिल्यांदा उणे 26 दाखवला. “चालते ताई, काई टेन्शन घेऊ नोका,” म्हणाला. मी म्हटलं, आज चालते, पावसाळ्यात कोण येणार? मग त्याने कुरकुरत जोड पुन्हा केला, आकडा उणे 21 झाला. डब्यावरचा एलओएस दिवा लाल चमकला तर सिग्नल डब्यापर्यंत येतच नाही. फोनवर “नेट नाही” न म्हणता “लाल दिवा लागला” म्हणा, माणूस शिडी घेऊनच निघतो.

वेगाच्या आकड्याला भुलू नका. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजेच साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिट मिळून एक बाइट होतो. घराला 30 एमबीपीएस पुरतं. बघायचं ते रात्री आठ-साडेआठला, मालिका आणि क्रिकेट सुरू असताना. तीच लाइन घेतलेल्या दोन घरी जाऊन ट्रायचं, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचं, वेग मोजणारं मायस्पीड अ‍ॅप लावा. डाउनलोडसोबत अपलोडही पाहा. माझं काम अपलोडवरच असतं, पावत्या आणि फोटो चढवायचे असतात. आणि हो, सरकारी पोर्टल अडकलं म्हणून लाइनवाल्याला शिव्या देऊ नका. दुसरी एखादी साइट उघडून पाहा. मी स्वतः दोनदा खोटी भांडले आहे.

कागदाचं थोडक्यात. नेट देणाऱ्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो: अ वर्ग देशभराचा, ब राज्याएवढ्या सर्कलचा, क लहान भागाचा. गावातला केबलवाला बहुतेक अशाच परवानाधारकाचा एजंट असतो; पावतीवर त्या कंपनीचं नाव हवं. 450 रुपये सांगितले तर 18 टक्के जीएसटी धरून 531 होतात, हे आधीच विचारा. डबा कुणाचा, अनामत परत मिळणार का, ते पावतीवर लिहून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ मी आता कुणालाच देत नाही, वर्षाला दोन महिने फुकट म्हणाला तरी. तक्रार केली की क्रमांक मागा. तो असेल तरच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे पुढे जाता येतं.

ग्रामपंचायतीतही डोकावा. सरकारच्या भारतनेट योजनेचं फायबर बऱ्याच पंचायतींपर्यंत आलं आहे, तिथून घरी जोडणी देणारे उद्यमीही असतात. आमच्या पंचायतीतला डबा कपाटाच्या मागे होता, शिपायाने त्यावर अगरबत्तीचं घर ठेवलेलं. दिवा मात्र हिरवा होता.

राहिली लाइट. आमच्याकडे ती दुपारी जाते, आणि डबा 12 व्होल्टवर चालतो. राउटरचा छोटा यूपीएस घ्या. माझा तीन तास तग धरतो. फक्त घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचा अँपिअर पाहून घ्या, माझा 2चा निघाला आणि दुकानदाराने 1चा यूपीएस दिला होता. दुसऱ्या दिवशी आर्वीची आणखी एक फेरी झाली.