अमेरिकेचा इतिहास शिकवायचाय? आधी कागद वाटा

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये अकरावीला ‘यू. एस. हिस्टरी टू’ शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली. त्याआधी पुण्यात सहा वर्षं आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल. ओळखीतून दरवर्षी दोन-तीन जणी तरी विचारतात, की माझं एम.ए., बी.एड. आहे, इथे शिकवता येईल का? आणि लगेच, थोडं दबक्या आवाजात, “पण अमेरिकेचा इतिहास? त्यांच्याच पोरांना?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं, फक्त कंटाळवाणं आहे. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर वर्क परमिटशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. ते असेल तर पदव्यांचं इथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यायचं, सोशल स्टडीजची प्रॅक्सिस परीक्षा द्यायची आणि ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ (शिकवायला पात्र असल्याचा दाखला) मिळवून नोकरी शोधायची. याला इथे ‘ऑल्टरनेट रूट’ म्हणतात. प्रत्येक राज्याचं तंत्र वेगळं, त्यामुळे टेक्सासमधल्या मैत्रिणीचं ऐकून न्यू जर्सीत अर्ज भरू नका. प्रॅक्सिसमध्ये इतिहासाबरोबर भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यव्यवस्थाही असते. मला राज्यव्यवस्थेनं घाम फोडला, कारण सिनेट आणि हाउस या संसदेच्या दोन सभागृहांमधला फरक मला तोवर बातम्यांपुरताच ठाऊक होता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे.

मी पहिल्या वर्षी सपशेल आपटले. इंग्रजी बरं होतं, वाचन भरपूर केलं होतं, उन्हाळाभर नोट्स काढल्या होत्या. सप्टेंबरमध्ये वर्गात शिरले आणि पुण्यात शिकवायचे तशीच सुरुवात केली: आधी पार्श्वभूमी, मग कारणं, मग घटना, मग परिणाम. फळ्यावर मुद्दे. तीन आठवड्यांत अर्धा वर्ग डेस्कवर डोकं टेकून झोपायला लागला. इथे मास्तर आत आले म्हणून कोणी उभं राहत नाही, आणि कंटाळा आला तर तो लपवतही नाही. ऑक्टोबरमध्ये एका मुलीनं हात वर केला आणि अगदी सरळपणे विचारलं, “मिस, तुम्ही इथल्या नाही. मग हे सगळं असंच होतं, हे तुम्हाला कसं कळलं?”

उर्मटपणा नव्हता त्यात. मी काहीतरी पुस्तकांचं वगैरे बोलले. घरी येताना गाडीत मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण प्रश्न रास्तच होता, आणि तो इथल्या गोऱ्या मास्तरालाही विचारायला हवा होता. तो शिकवतो त्या काळात तोही तिथे नव्हताच.

आमच्या विभागातल्या एका जुन्या शिक्षकानं त्या वेळी मला एकच गोष्ट सांगितली. बोलणं निम्म्यावर आण आणि त्या जागी कागद ठेव. म्हणजे मूळ दस्तऐवज. नॅशनल आर्काइव्ह्ज आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या साइट्सवर ते फुकट मिळतात. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या ‘रीडिंग लाइक अ हिस्टॉरियन’ या पाठांमध्ये ते शाळेच्या पोरांना झेपतील असे कापून दिलेले असतात. कागद हातात दिला की माझे चार प्रश्न ठरलेले: हे कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, आणि काय लिहायचं टाळलंय?

चौथा प्रश्न माझा स्वतःचा, आणि त्याच्यावरच माझं दुकान चालतं.

उदाहरण सांगते. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनं ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर ९०६६’ वर सही केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० माणसांना घरं, दुकानं, शेतं सोडून छावण्यांत जावं लागलं ते या आदेशामुळे. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. हे सगळं मी पाच मिनिटांत सांगू शकते, आणि पहिल्या वर्षी सांगितलंही. पोरांनी “हाउ सॅड” म्हणून वही मिटली.

आता मी आधी काहीच सांगत नाही. आदेशाचा कागद वाटते आणि म्हणते, यात ‘जपानी’ हा शब्द शोधून अधोरेखित करा. पोरं शोधत बसतात. एक जण म्हणतो, “मिस, माझ्या कॉपीत नाहीये.” कोणाच्याच नसतो. त्या आदेशात हा शब्दच नाही. लष्करी अधिकाऱ्यांनी क्षेत्रं ठरवावीत आणि तिथून ‘कोणालाही किंवा सर्वांना’ बाहेर ठेवावं, एवढंच आहे. मग मी दुसरा कागद वाटते: त्या वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात खांबांवर चिकटवलेली नोटीस. तिच्यावर ठळक अक्षरांत, जपानी वंशाच्या सर्व व्यक्तींना सूचना. आणि खाली ‘एलियन अँड नॉन-एलियन’, म्हणजे परकीय आणि परकीय नसलेले. हे नॉन-एलियन म्हणजे कोण रे? दोन मिनिटं शांतता. मग मागच्या बाकावरून हळूच, “सिटिझन्स?” नागरिकाला नागरिक म्हणायची लाज वाटली म्हणून काढलेला शब्द. हे मी सांगितलं असतं तर ते माझं मत झालं असतं. आता ते त्या पोराच्या हाती लागलेलं असतं.

यानंतर मी नकाशावर सीब्रूक दाखवते. आमच्याच राज्याच्या दक्षिण टोकाकडचं गाव. तिथल्या सीब्रूक फार्म्स या भाज्या गोठवून विकणाऱ्या कंपनीनं १९४४ पासून छावण्यांतली माणसं कामाला आणली. बघता बघता सुमारे अडीच हजार जण तिथे आले. धडा कॅलिफोर्नियातून उठून दीड-दोन तासांच्या अंतरावर येतो. स्थानिक धागा शोधायला शनिवार-रविवार घालवावे लागतात, पण या नोकरीतला सगळ्यात सत्कारणी लागलेला वेळ तोच.

कागदांनी मला आणखी एका ठिकाणी वाचवलं. तिसऱ्या वर्षी घरांच्या कर्जांचा विषय शिकवत होते. १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले, जिथे काळे लोक राहतात ते भाग बहुतेक लाल, म्हणजे कर्जाला धोक्याचे. यालाच ‘रेडलायनिंग’ म्हणतात. एका पालकांची ईमेल थेट मुख्याध्यापकांकडे गेली, की बाई मुलांना देशाबद्दल वाईट शिकवतात. माझी प्रोबेशनची वर्षं. इथे कायम व्हायला चार वर्षं आणि वर एक दिवस लागतो. बैठकीला जाताना पोटात गोळा. मी टेबलावर फक्त वर्गात वाटलेलं ठेवलं: नेवार्कचा नकाशा, त्यासोबतचं सरकारी वर्णन, आणि माझे चार प्रश्न. माझं एकही वाक्य त्यात नव्हतं. पालकांनी वर्णन दोनदा वाचलं आणि विचारलं, “हे खरंच सरकारनं लिहिलंय?” चहा न पिता बैठक संपली. (चहा इथे कोणी विचारत नाही, हे आपलं सवयीनं.)

म्हणून नव्यांना सांगते: अशा विषयांवर वर्गात स्वतःचं मत द्यायची घाई करू नका. पोरं विचारतील, तुम्ही कोणाला मत दिलं असतं? हसून सोडून द्या. पण विषय टाळूही नका. न्यू जर्सीत होलोकॉस्टचा, कृष्णवर्णीयांचा आणि २०२२ पासून आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. जुन्या दस्तऐवजांत वांशिक शिव्या येतात. त्या मी मोठ्यानं वाचत नाही, पोरांनाही वाचू देत नाही, आणि का ते आदल्या दिवशी सांगून ठेवते. हे शहाणपण एका अवघडलेल्या तासानंतर आलं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

व्हिएतनाम युद्धाला माझा हुकमी एक्का आहे. १ डिसेंबर १९६९ ला टीव्हीवर सोडत काढली होती: काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कॅप्सूल, प्रत्येकीत एक तारीख. ज्या क्रमानं तारीख निघेल त्या क्रमानं त्या दिवशी जन्मलेल्या तरुणांना सैन्यात बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर, शेवटची ८ जून. मी यादी वाटते आणि प्रत्येकाला आपापला वाढदिवस शोधायला सांगते. १९५ पर्यंतच्यांना बोलावणं आलं, हे शेवटी सांगते. दरवर्षी कोणीतरी खुर्चीत मागे टेकून “मी मेलो” म्हणतं आणि दरवर्षी दुसरं कोणी हसतं, आणि मग हसू थांबतं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा आधीच जास्त निघाल्या, कारण कॅप्सूल नीट ढवळल्याच नव्हत्या. हे आमच्या गणिताच्या शिक्षकानं स्टॅटिस्टिक्सच्या तासाला घेतलं आणि दोन वर्ग दोन दिवस एकाच यादीवर भांडले.

आता आपल्या माणसांबद्दल. मध्य जर्सीत तुमच्या वर्गात गुजराती, तेलुगू, मराठी पोरं असणारच. त्यांना वाटतं की हा इतिहास गोऱ्यांचा आणि काळ्यांचा, आपण नंतर पाहुणे म्हणून आलो. त्यांच्यासाठी मी १९२३ चा भगतसिंग थिंद खटला काढते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेला हा पंजाबी माणूस, आणि सर्वोच्च न्यायालय म्हणालं की सामान्य माणसाच्या समजुतीनुसार तू ‘गोरा’ नाहीस, म्हणून नागरिकत्व नाही. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते. निकालानंतर सरकार पंडितांचंही नागरिकत्व काढून घ्यायला निघालं, आणि ते स्वतःचा खटला लढून जिंकले.

मग आशियाई लोकांना दार उघडणारा १९६५ चा इमिग्रेशन कायदा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं त्यावर ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी सही केली आणि भाषणात म्हणाला की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लाखो लोकांच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार नाही. हे वाक्य प्रोजेक्टरवर लावून मी वर्गाकडे नुसती बघत राहते. अर्ध्या वर्गाची आडनावं पटेल, रेड्डी, किम. त्यांनाच आधी हसू फुटतं.

१९८७ मधलं जर्सी सिटीही शिकवते. तिथे ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्यांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवून भारतीयांना हाकलून लावायची धमकी दिली होती. ‘डॉट’ म्हणजे आपली टिकली. त्या वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. त्या दिवशी मी टिकली लावून जाते. काही बोलत नाही. आनंदीबाई जोशींचं मात्र मी जरा ओढूनताणून आणते, कबूल आहे. १८८३ मध्ये त्या आमच्याच राज्यातल्या रोझेलला कार्पेंटरबाईंकडे येऊन राहिल्या, आणि त्याच वर्षी जानेवारीत एडिसननं त्या गावात तारांवरून वीज आणली होती. विजेच्या दिव्यांचा विषय निघाला की नऊवारीतली आनंदीबाई येतेच. इलाज नाही.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे पहिल्याच दिवशी स्वीकारा. १८७० च्या दशकापासून आजपर्यंत, वर्षात १८० दिवस, त्यातून दर महिन्याला एक फायर ड्रिल, एक सुरक्षा ड्रिल, बर्फाच्या सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस. बहुतेक शिक्षकांची गाडी मेमध्ये रेगनपाशी, म्हणजे १९८० च्या दशकात, अडकते. मी काही प्रकरणं सरळ गाळते आणि ११ सप्टेंबर, २००१ शिकवतेच, कारण आताच्या पोरांसाठी ते आपल्या आणीबाणीइतकं दूर आहे. एपीचा (‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा) वर्ग मिळाला तर मात्र गाळायची मुभा नाही. तिथे परीक्षेत सात दस्तऐवज देऊन निबंध लिहून घेतात, म्हणजे कागदांची सवय तिथेही कामाला येते. नोकरीच्या मुलाखतीत डेमो लेसन मागतात. वीस मिनिटांत एकच कागद घ्या, दोन नको.

शेवटी माझी एक चूक. जूनमध्ये शेवटचं काम म्हणून मी सांगायचे, घरातला एक जुना कागद आणा आणि त्याला आपले चार प्रश्न विचारा. कोणी आजोबांचं ड्राफ्ट (सैन्यभरतीचं) कार्ड आणायचं, कोणी बाबांच्या एच-१बी मंजुरीचं पत्र. दोन वर्षं छान चाललं. तिसऱ्या वर्षी एक मुलगा तास संपल्यावर थांबला आणि खाली बघत म्हणाला, “मिस, आमच्या घरी कागद नाहीत.” मला कळायला क्षणभर लागला. इथे या वाक्याचा अर्थ वेगळा होतो: देशात राहायची कायदेशीर परवानगी नाही. शाळेत यायला मुलाकडे कागद असावे लागत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच प्लायलर विरुद्ध डो खटल्यात सांगितलं आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी तो खटला त्याच वर्गाला शिकवलेली मी, भर वर्गात कागद मागत होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं वाक्य बदललं: घरातली एक जुनी वस्तू आणा. सोमवारी तो आजीचा दगडी खल घेऊन आला, बसमध्ये मांडीवर ठेवून. पोरांनी त्याला विचारलं, कोणी बनवला, कधी, कोणासाठी. चौथा प्रश्न दगडाला कसा विचारायचा यावर घंटा होईपर्यंत वाद चालू होता.