फुकट युनिव्हर्सिटी कोर्स शेवटपर्यंत न्यायचाय? मग व्हिडिओ नंतर, गृहपाठ आधी

मोफत कोर्सच्या याद्या आता कुणाला शोधाव्या लागत नाहीत, ढिगाने पडल्यात. अडचण आहे ती कोर्स पूर्ण करण्याची, आणि त्यावर जे सल्ले फिरत असतात ते वाचून खरंच डोकं फिरतं. रोज एक तास द्या म्हणे, दुप्पट स्पीडने बघा, एका वेळी तीन कोर्स लावा म्हणजे कंटाळा येत नाही. हे सगळं करूनच लोक सोडून देतात. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या कोर्सेसची २०१२ ते २०१८ ची आकडेवारी तपासली गेली तेव्हा काय दिसलं, तर नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता, आणि २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे होते साधारण ३ टक्के. म्हणून खाली लिहितेय ते कोर्स संपवण्याबद्दल, नाव नोंदवण्याबद्दल नाही.

१. कोर्स निवडा

माझा निकष एकच: असाइनमेंट आणि त्यांची उत्तरं फुकट उघडतात का? युनिव्हर्सिटी किती मोठी, प्रोफेसर किती प्रसिद्ध, हे सगळं त्यानंतर.

या निकषावर एमआयटी ओपनकोर्सवेअर सगळ्यात वर. २००१ मध्ये जाहीर झालेला हा उपक्रम आजही तसाच खुला आहे, लॉगिन नाही, नाव नोंदवायचं नाही, बऱ्याच कोर्सना असाइनमेंट, जुन्या परीक्षा आणि त्यांची उत्तरं तिथेच मिळतात. प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर हार्वर्डचं सीएस५०, तिथे तुमचा कोड आपोआप तपासला जातो आणि कोर्सच्या स्वतःच्या साइटवरून सगळं काम पूर्ण केलंत तर सर्टिफिकेटही फुकट मिळतं. आयआयटींच्या एनपीटीईएल या उपक्रमाचे चालू कोर्स पण चांगले, दर आठवड्याला असाइनमेंट असते, परीक्षा द्यायची की नाही ते तुमच्यावर.

कोर्सेरा आणि एडएक्सवर मात्र नीट बघून जा. एडएक्सच्या फुकट पर्यायात मार्कांच्या असाइनमेंट बहुतेक वेळा बंद असतात आणि ठरावीक मुदतीनंतर कोर्सही बंद होतो. कोर्सेरा या दुसऱ्या साइटवर ऑडिटची, म्हणजे पैसे न भरता कोर्स बघायची, सोय काही कोर्सना असते, काहींना नसते, असली तरी बारीक अक्षरात कोपऱ्यात. नुसते व्हिडिओ फुकट असतील तर तो कोर्स सरळ सोडा, दुसरा शोधा.

२. आधी काय यायला हवं ते वाचा

कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं. येत नसेल तर आधी खालच्या पातळीचा कोर्स घ्या.

३. वेळ काढा, पण खरा हिशोब करून

एमआयटीचा लिनियर अल्जेब्राचा कोर्स, नंबर १८.०६, आठवड्याला १२ तासांचा धरलेला आहे. त्यातले ४ वर्गातले आणि ८ घरी बसून करायच्या कामाचे. हे प्रमाण नीट बघा, शिकवण्याच्या दुप्पट वेळ तुमच्या स्वतःच्या कामाला. तुम्हाला आठवड्याला ६ तासच मिळत असतील तर कोर्स दुप्पट दिवस चालेल, चालू दे, पण प्रमाण तेच ठेवा, २ तास बघायचं आणि ४ तास वही घेऊन बसायचं. रोज तुकडे पाडण्यापेक्षा दोन लांब बैठका मला कधीही चांगल्या वाटतात, कारण अवघड गणितात डोकं शिरायलाच पाऊण तास जातो. आणि एका वेळी एकच कोर्स. यावर मी वाद घालणार नाही.

४. बघणं थांबवून सोडवायला लागा

खरा टप्पा हा. मला सगळ्यात जड गेला तो हाच आणि लोक सोडतात तेही इथेच, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास. व्हिडिओ छान चाललेले असतात, सगळं कळतंय असं वाटत असतं, मग असाइनमेंट उघडली की पहिलाच प्रश्न डोक्यावरून जातो, माणूस म्हणतो आधी व्हिडिओ परत बघू, परत बघितल्यावर परत कळल्यासारखं वाटतं, आणि असाइनमेंट तशीच राहते ती कायमची.

एक उदाहरण घ्या. १८.०६ च्या पहिल्याच लेक्चरमध्ये प्रोफेसर गिल्बर्ट स्ट्रँग दोन समीकरणं लिहितात, २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. आधी ते दोन रेषा काढतात, त्या (१, २) ला छेदतात, हे शाळेतलंच. मग तीच समीकरणं ते उभ्या कॉलमने वाचतात: (२, −१) हा कॉलम किती घ्यायचा आणि (−१, २) हा किती घ्यायचा म्हणजे बेरीज (०, ३) येईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. बघताना इतकं सरळ वाटतं की पुढचं लेक्चर लावायचा मोह होतो.

लावू नका. व्हिडिओ बंद करा, कोरा कागद घ्या, उजवीकडचे आकडे बदलून ३ आणि ० करा आणि प्रत्येक कॉलम एक बाण समजून कॉलमचं चित्र स्वतः काढा. उत्तर पहिला कॉलम दोनदा, दुसरा एकदा असं येतं, पण उत्तराला इथे महत्त्व नाही. पहिला बाण काढून झाल्यावर दुसरा कुठून सुरू करायचा, त्याच्या टोकापासून की परत शून्यापासून, इथे हात थबकतो की नाही ते बघा. थबकला तर ते लेक्चर तुम्हाला अजून कळलेलं नाही, आणि हे व्हिडिओ दहा वेळा बघून समजलं नसतं.

कळल्याचा हा भास सगळ्यांनाच होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे असतात. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील ही खात्री जास्त कुणाला होती, तर परत परत वाचणाऱ्यांना.

तर माझी पद्धत अशी. आठवडा सुरू झाला की आधी असाइनमेंट उघडायची आणि सगळे प्रश्न नुसते वाचून काढायचे, काही कळलं नाही तरी चालेल. मग व्हिडिओ साध्या स्पीडने, हातात पेन घेऊन, आणि प्रोफेसर उदाहरण सोडवायला लागले की पॉज करून आधी स्वतः करून बघायचं. मग व्हिडिओ बंद, टॅब पण बंद, आणि असाइनमेंट.

अडकाल, अडकायचंच असतं. एका प्रश्नाला अर्धा तास तरी द्या आणि त्या वेळात कागदावर काहीतरी उतरू द्या, काय दिलंय, काय काढायचंय, आकडे छोटे केले तर काय होतं. अर्ध्या तासाने उत्तर उघडा पण फक्त पहिली ओळ वाचा, बाकीचं हाताने झाका. तेवढ्यावर सुटलं तर उत्तम. पूर्ण उत्तर वाचावं लागलं तर त्या प्रश्नावर खूण करा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत सोडवा. ही दुसऱ्या दिवसाची पायरी लोक गाळतात, आणि सगळी मेहनत वाया जाते ती याच्यामुळे. उत्तर वाचून मान डोलावणं म्हणजे परत व्हिडिओ बघण्यासारखंच झालं.

एआयबद्दल पण सांगते, कारण आता सगळे तेच करतात. प्रश्न पेस्ट करून उत्तर मागू नका, कधीच नाही. स्वतःचा पूर्ण प्रयत्न लिहा आणि फक्त विचारा की चूक कितव्या ओळीत आहे. सीएस५० मध्ये तर बाहेरच्या एआयकडून असाइनमेंट करून घ्यायला परवानगीच नाही, त्यांनी स्वतःचं बदकाचं चॅटबॉट दिलंय जे उत्तर न देता वाट दाखवतं, ते बिनधास्त वापरा.

५. नोट्स

सोडवलेली वही म्हणजेच नोट्स. रंगीत पेनं आणि चौकटी यात वेळ घालवू नका.

६. मागे पडलात तर

राहिलेले व्हिडिओ एका रविवारी सलग बघून टाकायचे नाहीत. जिथे थांबला होतात त्याच्या आधीच्या असाइनमेंटमधले दोन प्रश्न न बघता सोडवा, सुटले तर तिथूनच पुढे चला, नाही सुटले तर तो एकच आठवडा परत करा. पहिल्या लेक्चरपासून नव्याने सुरुवात करायची नाही, नाहीतर पहिली तीन लेक्चरं पाठ होतात आणि पाचवं कधी येतच नाही.

७. परीक्षा द्या

कोर्सच्या पानावर जुनी परीक्षा असेल तर घड्याळ लावून, वही बंद ठेवून सोडवा आणि दिलेल्या उत्तरांवरून स्वतःच तपासा. चुकलेले प्रश्न ज्या लेक्चरचे असतील तेवढीच लेक्चरं परत. सर्टिफिकेटला पैसे भरायचे की नाही ते यानंतर ठरवा. नोकरीसाठी कुणी मागितलं असेल तर घ्या, नाहीतर सीएस५० सारख्या कोर्समध्ये तुम्ही केलेलं शेवटचं प्रोजेक्ट दाखवा, त्यावर समोरचा प्रश्न विचारू शकतो आणि तुम्ही उत्तर देऊ शकता.